गुडाकेशालाही झोप सांगितली

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७



आजचं चिंतन रोजच्यापेक्षा थोडं मोठं आहे. सकाळच्या गडबडीत वाचू नका. परतीच्या गाडीत जागा मिळाली तर वाचा, आणि वाचता वाचता डोळा लागला तर खुशाल लागू द्या. विषयच तो आहे.

परवा कल्याणहून एका मुलीचा मेसेज आला. वय २२, नुकतीच नोकरीला लागली आहे. तिने लिहिलं होतं, "ताई, माझा मोठा भाऊ रात्री एकला झोपतो, पाचला उठतो, ध्यान करतो, जिमला जातो आणि दिवसभर एकदम फ्रेश असतो. मला मात्र साडेआठ तास झोप लागतेच. पाचचा अलार्म लावते आणि साडेसातला जाग येते. मग दिवसभर अपराधी वाटत राहतं. घरात सगळे मला कुंभकर्ण म्हणतात. मी तामसी आहे का? माझ्यासारखीला साधना जमणारच नाही का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. तिला दोन ओळीत 'नाही गं, असं काही नसतं' म्हणणं सोपं होतं. पण हा प्रश्न एके काळी माझाही होता, फक्त उलट्या बाजूने. मी तिच्या भावाच्या जागी होते. त्याबद्दल पुढे सांगते. आधी आजचे श्लोक पाहू.

भगवंत ध्यान कसं करावं ते सांगतायत. आसन कुठे घालावं, पाठ-मान कशी ठेवावी, नजर कुठे असावी, हे सगळं आधीच सांगून झालंय. आता आपल्याला वाटतं की पुढे काहीतरी गूढ येणार. आणि येतं काय, तर जेवण आणि झोप! जो फार खातो त्याला योग साधत नाही, आणि जो मुळीच खात नाही त्यालाही नाही. जो फार झोपतो त्याला नाही, आणि जो जागतच राहतो त्यालाही नाही. पुढच्या श्लोकात मग 'युक्त' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. खाणं, हिंडणं-फिरणं, कामातली धडपड, झोपणं आणि जागणं, हे सगळं ज्याचं युक्त असतं, त्याचा योग दुःख दूर करणारा ठरतो.

माऊली ज्ञानेश्वरीत या जागी आले की मापाची भाषा बोलतात. खाणं मापात, बोलणं मापात, चालणं मापात, आणि झोपेचीही वेळ झाली की तिचा मान तिला द्यावा, असा त्यांचा भाव आहे. मला हे फार आवडतं. आपण झोपेला चोर समजतो, वेळ चोरणारी. माऊली तिला दारात आलेल्या पाहुणीसारखं वागवायला सांगतात.

आता एक गंमत बघा. हे सगळं भगवंत कुणाला सांगतायत? अर्जुनाला. आणि गीतेत अर्जुनाचं एक नाव आहे 'गुडाकेश'. परंपरेने त्याचा अर्थ केलाय झोपेवर विजय मिळवलेला. पहिल्या अध्यायात, दुसऱ्यात, दहाव्यात, अकराव्यात या नावाने त्याचा उल्लेख येतो. म्हणजे ज्याने झोप जिंकली आहे अशी ख्याती आहे, त्यालाच देव समोर बसवून सांगतो की बाबा, सतत जागणाऱ्यालाही योग साधत नाही. आणि हे सांगताना त्याला 'गुडाकेश' म्हणत नाही, नुसतं 'अर्जुन' म्हणतो. यातून फार मोठा सिद्धांत काढायचा नाहीये मला. पण दर वेळी हा श्लोक वाचताना वाटतं की देवाने इथे त्याची पदवी हळूच बाजूला काढून ठेवली आहे.

बरं, मग झोप तामसी असते हे खोटं का? खोटं नाही. चौदाव्या अध्यायात तमोगुण प्रमाद, आळस आणि निद्रा यांनी माणसाला बांधतो असं स्पष्ट सांगितलंय. अठराव्यात झोप, आळस आणि बेफिकिरीतून येणाऱ्या सुखाला तामस म्हटलंय. पण आपण हे वाचतो आणि त्याच चौदाव्या अध्यायातला रजोगुण सोडून देतो. रजोगुण वाढला की काय होतं? लोभ, धडपड, एकामागून एक नवी कामं काढणं, चैन न पडणं, हवंहवंसं वाटणं. आता मला सांगा, आपल्या वयाच्या, आपल्या शहरातल्या 'हाय एनर्जी' माणसाचं वर्णन याहून नेमकं कुणी केलंय का? सकाळी पाचला उपवनच्या तलावाभोवती धावायचं, आठच्या गाडीत कोर्सचे व्हिडिओ बघायचे, रात्री दहाला टर्फवर फुटबॉल, आणि बाराला नव्या स्टार्टअपच्या गप्पा. यातलं काहीच वाईट नाही. फक्त एवढंच की जास्त जागं असणं म्हणजे सत्त्वगुण, हे समीकरण गीतेत कुठेही नाही. रजोगुणही जागाच असतो. खरं तर तोच सगळ्यात जास्त जागा असतो.

शरीराचं शास्त्र काय सांगतं तेही थोडक्यात पाहू, कारण देवाने दिलेल्या शरीराबद्दल खोट्या कल्पना बाळगून साधना होत नाही.

पहिली गोष्ट. अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ साली वयानुसार झोपेची शिफारस प्रसिद्ध केली. १८ ते २५ वयासाठी ती ७ ते ९ तास आहे. म्हणजे साडेआठ तास झोपणारी आपली मैत्रीण अगदी बरोबर मापात आहे. तिच्या भावाचे चार तास मापाच्या खूप बाहेर आहेत.

दुसरी गोष्ट. तरुणपणी शरीराचं घड्याळच उशिरावर सरकलेलं असतं. टिल रोनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं की किशोरवयापासून हे घड्याळ उशिरा-उशिरा जात राहतं, साधारण विशीच्या आसपास त्याचं टोक येतं, आणि मग ते हळूहळू परत लवकरकडे वळतं. आजी-आजोबा चारला टक्क जागे आणि नातू आठला अर्धवट, यात आजोबांचं पुण्य आणि नातवाचं पाप शोधायची गरज नाही. बरंचसं वय आहे ते.

तिसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात जास्त लागली. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ४८ निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला. काहींना १४ दिवस रोज ८ तास झोपायला दिलं, काहींना ६, काहींना ४. कमी झोपणाऱ्यांचं लक्ष आणि स्मरण दिवसेंदिवस ढासळत गेलं, इतकं की एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी अवस्था झाली. पण त्यांना विचारलं की झोप येतेय का, तर पहिल्या काही दिवसांनंतर ते म्हणत की फारशी नाही, सवय झाली. म्हणजे नुकसान वाढत होतं आणि जाणीव थांबली होती. 'मला चार तास पुरतात' असं आपण म्हणतो तेव्हा ते सांगतंय कोण? ज्याची पारख झोपेअभावी बोथट झालीय, तोच.

आता, खरोखर कमी झोप पुरणारी माणसं असतात का? असतात. २००९ साली कॅलिफोर्नियात यिंग-हुई फू यांच्या गटाला एका आई आणि मुलीत जनुकातला एक बदल सापडला. दोघींना जन्मभर सुमारे सहा तासच झोप लागायची आणि तरी त्या ठणठणीत होत्या. पण हे फार दुर्मिळ आहे, आणि तिथेही आकडा सहाचा आहे, चारचा नाही. म्हणजे तुमच्यात ती देणगी असलीच तर ती डोळ्यांच्या रंगासारखी आहे. त्याचं श्रेय तुमच्या साधनेला नाही.

हे सगळं मला चोवीसाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

तेव्हा मी डोंबिवलीहून ऐरोलीला नोकरीला जायचे. डोंबिवली ते ठाणे, मग ठाण्याला पूल चढून ट्रान्स-हार्बरची गाडी. जाऊन-येऊन तीन तास सहज. रात्री घरी यायला नऊ, जेवून आवरून झोपायला साडेअकरा. आणि कुठेतरी ब्राह्ममुहूर्ताबद्दल वाचलं होतं, म्हणून मी पावणेचारला उठायला लागले. अंघोळ, जप, वाचन, मग डबा आणि गाडी. पहिले काही महिने काय अप्रतिम गेले! सगळी सोसायटी झोपलेली, लांबून एखाद्या मालगाडीचा आवाज, आणि मी माळ घेऊन बसलेली. त्या शांततेला मी आजही नावं ठेवणार नाही.

पण हळूहळू एक गोष्ट झाली. मी किती वाजता उठते हे लोकांना सांगायला लागले. ऑफिसमध्ये कुणी जांभई दिली की मला आतून बरं वाटायचं. माझा धाकटा भाऊ नऊ-नऊ तास झोपायचा. त्याला मी येता-जाता टोमणे मारायचे. एकदा त्याच्या मित्रांसमोर म्हणाले, "हा उठेल तोपर्यंत माझा अर्धा दिवस झालेला असतो." तो हसला. त्याला लागलं असणार.

मी खूप उत्साही आहे असं सगळे म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं. गाडीत चौथ्या सीटवर टेकले की बाजूच्या बाईच्या खांद्यावर डोकं पडायचं आणि कोपर आल्याचंही कळायचं नाही, याला मी 'पॉवर नॅप' म्हणायचे.

त्या वर्षी पावसाळ्यात आजी आजारी पडली. दोन-तीन आठवडे रात्री कुणीतरी तिच्या खोलीत झोपायचं असं ठरलं. तिला रात्री उठून बाथरूमला जावं लागे आणि आधार लागे. आई, मी आणि भाऊ अशा पाळ्या लावल्या. मी सगळ्यांना सांगितलं, "माझी काळजी करू नका, मला जागायची सवय आहे."

माझ्या तिसऱ्या पाळीला आजी पडली. पहाटे तीनच्या सुमारास. धप्पकन आवाज झाला तो बाहेरच्या खोलीत झोपलेल्या आईने ऐकला. मी चार फुटांवर होते, आणि मला आईने हलवून उठवलं तेव्हा जाग आली. आजीचा खुबा मोडला होता.

दवाखान्यात मी तिच्याजवळ बसून रडत होते. म्हटलं, "आजी, तू हाक मारलीस आणि मला ऐकूच आलं नाही गं." आजी म्हणाली, "नाही गं बाळा. मी हाक मारलीच नाही. लाइट लावला तर तुझं तोंड दिसलं. इतकी दमलेली दिसलीस... हाक मारवली नाही."

ती त्यानंतर वर्षभर होती. उभी मात्र फारशी राहिली नाही.

मंडळी, मी हे सहानुभूतीसाठी लिहीत नाहीये. म्हातारी माणसं पडतात, त्या दिवशी कुणाचीही पाळी असू शकली असती, असं मला सगळ्यांनी सांगितलं आणि त्यात तथ्यही असेल. पण मला जो हिशेब दिसला तो मी नाकारू शकत नाही. दोन वर्षं मी रोज तीन-चार तास जागरण केलं आणि म्हटलं की हे देवासाठी आहे. आणि देवाने एकदाच, एका म्हातारीच्या रूपाने, माझ्याकडे पाच मिनिटांचं जागेपण मागायचं म्हटलं, तेव्हा माझ्याकडे ते शिल्लक नव्हतं. इतकंच नाही, माझा चेहरा पाहून तिला मागवलंसुद्धा नाही.

आणि नंतरच्या वर्षभरात रात्री आजीजवळ सगळ्यात जास्त कोण होतं? आमचा कुंभकर्ण. तो रविवारी दुपारी झोपून घ्यायचा, रात्री गाढ झोपायचा, आणि आजीने नुसतं "अरे" म्हटलं की उठून बसायचा. चिडचिड न करता.

लोककथेत एक गोष्ट सांगतात. वाल्मीकी रामायणात ती नाही, पण बायकांनी जपलेली आहे. वनवासात लक्ष्मणाला रामाचा पहारा करायचा होता, म्हणून त्याने निद्रादेवीला विनवलं की चौदा वर्षं माझ्याकडे येऊ नकोस. देवी म्हणाली, तुझ्या वाटची झोप कुणीतरी घ्यावी लागेल. ती उर्मिलेने घेतली. चौदा वर्षं ती अयोध्येत झोपून राहिली, तेव्हा लक्ष्मण तिकडे जागा राहू शकला.

लहानपणी मला ही गोष्ट लक्ष्मणाच्या पराक्रमाची वाटायची. आता ती मला हिशेबाची वाटते. लोककथेने किती साधेपणाने सांगितलंय, की न घेतलेली झोप नाहीशी होत नाही. कुणीतरी ती भरतं. मी पावणेचारला उठायचे तेव्हा गीझरच्या आणि दाराच्या आवाजाने आईची झोप मोडायची. ती कधी बोलली नाही. मी संध्याकाळी उगाच खेकसायचे ते घरचे सोसायचे. गाडीतल्या त्या अनोळखी बाईचा खांदा सोसायचा. आणि शेवटी आजीने सोसलं. लक्ष्मणाने निदान विचारून घेतलं होतं. मी माझ्या उर्मिलांना कधी विचारलंही नाही.

आणि कुंभकर्णाला आपण हसतो, पण युद्धकांड वाचा. त्याला उठवून दरबारात आणलं तेव्हा रावणाच्या तोंडावर 'तू केलंस ते चुकीचं केलंस' हे सांगणाऱ्यांमध्ये तो आहे. रात्रंदिवस जागे असलेले कितीतरी दरबारी गप्प बसले होते. पुढे तो भावासाठी लढला आणि मेला, त्याची बाजू चुकीचीच होती. पण माणसाची पारख तो किती तास जागा आहे यावरून करायची नसते, एवढं त्याच्याकडून शिकायला हरकत नाही.

कुणी म्हणेल, मग संतांच्या जागरणाचं काय? एकादशीचं जागर, रात्रभराचं कीर्तन, आपल्या दुर्गाडीवरची नवरात्र, दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जमणारी तरुणाई? प्रश्न रास्त आहे. पण या सगळ्या जागरणांना तिथी आहे, सोबत आहे आणि शेवट आहे. एकादशीनंतर द्वादशीचं पारणं असतं. आयुर्वेदानेही हे ओळखलंय. चरकाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हटलंय, आणि रात्री जागरण झालं तर गेलेल्या वेळेच्या निम्मी झोप सकाळी जेवणाआधी भरून काढावी असं वाग्भटाने सांगितलंय. ब्राह्ममुहूर्ती उठायला सांगणारेही तेच. ते उठणं त्यांनी 'स्वस्थ' माणसाला सांगितलंय. रात्री लवकर दिवे मालवणाऱ्या समाजात लिहिलेला नियम आपण साडेअकराला झोपून पाळायला गेलो, तर आपण नियमाचं शेपूट पाळतोय. अर्धा नियम आदल्या रात्रीच सुरू होतो.

आणि सगळ्यात सुंदर उत्तर पंढरपुरात आहे. आषाढी वारी जवळ आली की विठुरायाचा पलंग काढतात. भक्तांची रीघ लागलेली असते, म्हणून देव चोवीस तास दर्शनाला उभा. शेजारती बंद. पाठीला टेकायला म्हणून मऊ कापसाचा लोड देतात, रुक्मिणीमातेलाही तक्क्या. गंमत म्हणजे याच एकादशीला देवशयनी म्हणतात. शास्त्राप्रमाणे श्रीविष्णू कार्तिकीपर्यंत झोपायला जातात, आणि पंढरीचा विष्णू नेमका तेव्हा लेकरांसाठी जागा असतो! पण वारी संपली की काय होतं? प्रक्षाळपूजा. देवाचा शिणवटा जावा म्हणून गरम पाण्याने स्नान घालतात, रात्री औषधी काढ्याचा नैवेद्य दाखवतात, पलंग परत शेजघरात येतो, आणि देव झोपतो.

जो कधी थकतच नाही त्यालाही आपल्या परंपरेने थकू दिलं आणि झोपू दिलं. त्याचं जागरण कुणासाठी तरी होतं, ठरावीक दिवसांचं होतं, आणि त्याची भरपाई झाली. माझ्या पावणेचारच्या जागरणाला यातलं काहीच लागू नव्हतं. ते माझ्यासाठी होतं, त्याला शेवट नव्हता, आणि भरपाई दुसरे करत होते.

मग आता काय करायचं? मला समजलं ते तीन भागांत सांगते.

ज्यांच्या अंगात निसर्गतःच खूप ऊर्जा आहे त्यांनी तिची लाज बाळगू नये आणि तिचा तोराही मिरवू नये. ती ठेव आहे. रात्री झोपताना एक प्रश्न विचारा : आज माझ्या उत्साहाचा उपयोग कुणाला झाला, आणि त्रास कुणाला झाला? घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला तुमच्या ऊर्जेचा फायदा होत नसेल, तर त्या ऊर्जेला भक्ती म्हणायची घाई करू नका. आणि एक व्यवहाराची गोष्ट. अनेक दिवस झोप जवळजवळ नाहीच, तरी थकवा नाही, डोक्यात विचार धावतायत, खर्च आणि बोलणं आवरत नाही, असं झालं तर ती सिद्धी समजू नका. डॉक्टरांकडे जा.

ज्यांना जास्त झोप लागते त्यांनी प्रामाणिकपणे एकच पाहावं. मी झोपून उठते तेव्हा कामाला तयार होऊन उठते, की काम टाळायला परत पांघरूण ओढते? पहिली झोप शरीराचं देणं आहे. दुसरीला गीता तामस म्हणते, आणि तिच्याशी थोडं भांडावं लागेल. हा फरक दुसरं कुणी सांगू शकत नाही, आपल्याला मात्र नक्की कळतो. आणि आठ-नऊ तास झोपूनही रोज अंग जड राहत असेल, तर रक्त आणि थायरॉइड तपासून घ्या. स्वतःला तामसी ठरवण्याआधी हिमोग्लोबिन बघावं, हे मी अगदी भक्तिभावाने सांगतेय.

आणि तिसरे म्हणजे आपण बहुतेकजण. ज्यांची झोप ना देवासाठी जाते ना आळसात. ती कल्याण-ठाण्याच्या मधल्या रुळांवर जाते. घर परवडतं इथे आणि नोकरी असते तिकडे, आणि मधलं अंतर आपण झोपेतून भरतो. अशा माणसाला 'ब्राह्ममुहूर्ती उठ' म्हणून सुनावणं हा मला आता अधर्म वाटतो. तुमची साधना दहा मिनिटांची असेल तर दहा मिनिटांची करा. गाडीत उभ्याने नाम घ्या. फक्त रात्रीचा शेवटचा तास फोनला वाहू नका, तो झोपेला द्या. आपल्या हातात निदान तेवढा तरी आहे. आणि शेजारची मुलगी डुलकी घेताना तुमच्या खांद्यावर कलली, तर खांदा झटकू नका. माझं डोकं कुणीतरी दोन वर्षं सोसलंय.

छांदोग्य उपनिषदात एक विलक्षण गोष्ट आहे. गाढ झोपेत प्रत्येक जीव रोज ब्रह्मलोकी जातो, पण जमिनीखाली धन पुरलेलं असावं आणि माणसाने रोज त्यावरून चालत जावं तसं, त्याला ते कळत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी मी पावणेचारला उठत होते, त्याच्या दाराशी तर मी रोज रात्री आपोआप जात होते. तिथून मला अर्ध्या रात्री ओढून आणायची घाई मलाच होती.

तर कल्याणच्या माझ्या मैत्रिणी, तू तामसी नाहीस. तू बावीस वर्षांची आहेस. दहाला झोपता आलं तर बघ, साडेसहाला आपोआप जाग येईल, आणि तीच तुझी पहाट समज. मी आता पावणेसहाला उठते, पावणेअकराला झोपते. जप पूर्वीच्या निम्मा होतो. मन पूर्वीपेक्षा जास्त लागतं, असं मी म्हणणार नाही, काही दिवशी लागतं, काही दिवशी नाही. पण घरात कुणी हाक मारली तर मी उठते. आणि मुख्य म्हणजे माझा चेहरा बघून कुणी हाक मारायचं थांबत नाही. भावाला हे वाचायला दे. चिडेल, पण दे.

आजचा संकल्प : आज नेहमीपेक्षा अर्धा तास आधी झोपेन. आणि माझ्या जागण्याची किंमत घरात कोण चुकवतंय, ते उद्या एकदा विचारेन. उत्तर ऐकताना मध्ये बोलणार नाही.

आजची प्रार्थना : देवा, जागं ठेवशील तेव्हा कुणाच्या तरी कामासाठी ठेव. झोपवशील तेव्हा निर्धास्त झोपव. आणि मला कुणी हाक मारावी, इतकं माझं तोंड ताजं असू दे.

राम कृष्ण हरी.